सेवा क्लबातली गळती आणि साहित्य केंद्राची वही

वाशिष्ठीकाठ

नमस्कार मंडळी. ३० जूनला आमच्या क्लबचं वर्ष संपलं. १ जुलैपासून नवे अध्यक्ष, नवे सचिव. दोन वर्षं सचिवपद सांभाळून परवा मी सगळं दप्तर पुढच्यांच्या हवाली केलं. देण्याआधी एकदा नजर घालावी म्हणून सभासदांची नोंदवही आणि आमच्या रुग्णोपयोगी साहित्य केंद्राची वही शेजारी शेजारी उघडून बसलो. त्या दोन वह्यांत जे दिसलं ते इथे मांडतोय. गाव चिपळूण. क्लबचं नाव मुद्दाम देत नाही, कारण धाग्याची जाहिरात व्हायला नको, आणि मला वाटतं हा प्रश्न प्रत्येक तालुक्याच्या गावचा आहे.

आधी सभासदांची खबर. गेल्या जुलैत आम्ही ४४ होतो, आज ३९ आहोत. ११ गेले, ६ आले. अकरांपैकी दोघं देवाघरी गेले. त्यातले एक संस्थापक सभासद होते, शेवटच्या महिन्यापर्यंत काठी टेकत मीटिंगला यायचे. तिघं मुलांकडे पुण्याला-ठाण्याला कायमचे राहायला गेले. उरलेले सहाजण मात्र गावातच आहेत. चिंचनाक्यावर भेटतात, आग्रहाने चहा पाजतात. पण वर्गणीची पावती फाडायची वेळ आली तेव्हा एकेकाने "या वर्षी राहू दे" म्हटलं. हे सहाही जण गेल्या दोन वर्षांत आलेले.

आता दुसरी वही. आमच्या केंद्रातून वॉकर, व्हीलचेअर, कमोड खुर्ची, पाठ वर-खाली होणारी कॉट, हवेची गादी (अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून), ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर असं साहित्य अनामत घेऊन वापरायला देतो. दर वेळी वहीत वस्तूचा क्रमांक, नेल्याची तारीख, नेणाऱ्याची सही, क्लबतर्फे देणाऱ्याची सही, आणि परत आल्यावर शेरा. मी दोन वर्षांची पानं उलटली. सोडून गेलेल्या त्या सहांपैकी एकाचीही सही कुठल्याच पानावर नाही. आणि ज्या ज्या नव्या सभासदाच्या वहीत चार सह्या आहेत, तो प्रत्येक जण आज क्लबात आहे.

मी हादरलो. त्या सहांना आम्ही पदग्रहणाच्या दिवशी स्टेजवर बोलावलं, पिन लावली, गुलाबाचं फूल दिलं, टाळ्या वाजवल्या. त्यानंतर दोन वर्षांत त्यांच्याकडे मागितलं काय, तर वर्गणी आणि कार्यक्रमाला उपस्थिती. म्हणजे चूक आमची, आणि सचिव म्हणून माझी.

त्याच वहीतली एक नोंद सांगतो. हवेची गादी क्रमांक ४. नेली १८ ऑगस्टला, परत आली ६ सप्टेंबरला. परत घेऊन आलेला मुलगा पंचविशीचा असेल. गादी धुऊन, सावलीत वाळवून, गुंडाळून आणलेली. नळीची वेटोळी करून रबराने बांधलेली. मोटर वेगळ्या पिशवीत. मी विचारायच्या आधीच म्हणाला, "आई गेली. पण पाठीला एक जखम झाली नाही. डॉक्टर पण म्हणाले." शेऱ्याच्या रकान्यात आम्ही एरवी "सुस्थितीत परत" लिहितो. त्या दिवशी ड्युटीवर असलेल्या आमच्या नव्या सभासदाने, व्यवसायाने वायरमन आहे तो, खाली बारीक अक्षरात लिहिलंय, "पाठीला जखम नाही". त्या मुलाने अनामत परत घेतली नाही. आणि आमचा वायरमन त्यानंतर एकही रविवार चुकलेला नाही.

म्हणून मी बोर्डापुढे ठराव ठेवलाय की नव्या माणसाने आधी तीन महिने केंद्रात रविवारची पाळी करावी, मग पिन. ज्येष्ठांचा विरोध आहे. "आधीच माणसं मिळेनात, त्यात अटी घालता?" हे त्यांचं म्हणणं, आणि ते चुकीचं आहे असं मी म्हणणार नाही. बोर्ड मीटिंग पुढच्या आठवड्यात आहे. तुमच्याकडे काय करतात ते सांगा.

आयर्विनपूल

सांगलीहून लिहितोय. तुमचं निदान शंभर टक्के पटलं.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेची पातळी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेली होती. तेव्हा आमच्या क्लबातले जे लोक वर्षभर दिसत नव्हते ते छातीएवढ्या पाण्यात दुधाच्या पिशव्या घेऊन उभे होते. एक सराफ सभासद आठ दिवस भाकरी गोळा करण्याचं काम बघत होते. खेड्याखेड्यांतून घरोघरी थापलेल्या भाकऱ्या यायच्या, त्या मोजायच्या, कागदात बांधायच्या, निवारा केंद्रांवर पाठवायच्या. पूर ओसरला, आणि दिवाळीनंतर परत हॉटेलातली जेवणं, शाल-श्रीफळ, पाहुण्यांचा परिचय. ते सराफ पुढच्या वर्षी बाहेर पडले. मी विचारलं तर म्हणाले, "मला भाकरी मोजायचं काम द्या, मी उद्या येतो."

तुम्ही ठराव मागे घेऊ नका.

जुनाजाणता

वय ७६. रोटरीत ३८ वर्षं काढली, म्हणून थोडं मागचं सांगतो.

२३ फेब्रुवारी १९०५ ला शिकागोत पॉल हॅरिस या वकिलाने तिघांना घेऊन पहिली बैठक भरवली. 'रोटरी' नाव पडलं ते बैठक पाळीपाळीने एकेका सभासदाच्या कचेरीत व्हायची म्हणून. आज कोळशाच्या व्यापाऱ्याकडे, उद्या शिंप्याच्या दुकानात. प्रत्येकाचं काम प्रत्येकाला त्याच्या जागेवर जाऊन दिसायचं. आणि त्यांचं पहिलं सार्वजनिक काम कोणतं? शहरात सार्वजनिक स्वच्छतागृह व्हावं म्हणून केलेला पाठपुरावा. लायन्सचंही तसंच. १९१७ चा त्यांचा जन्म, पण १९२५ साली ओहायोतल्या अधिवेशनात हेलन केलर यांनी अंधांसाठी उभं राहा असं आवाहन केलं आणि डोळ्यांचं काम त्यांची ओळख झाली. ते गेल्या शंभर वर्षांत सुटलेलं नाही.

आमच्या उमेदीच्या काळात गळतीचा प्रश्न एवढा नव्हता, आणि त्याचं कारण मला तरी पोलिओ वाटतं. रोटरीने १९८५ ला पोलिओ निर्मूलनाचं काम अंगावर घेतलं. भारतात १९९५ पासून पल्स पोलिओचे रविवार सुरू झाले. त्या रविवारी क्लबातल्या प्रत्येकाला काम असायचं. सकाळी सातला आरोग्य केंद्रातून बर्फाचा डबा उचलायचा, बूथवर पोचवायचा. कुपीवरच्या गोल खुणेतला चौकोन रंग बदलतोय का ते बघायचं. तो भोवतीच्या गोलाइतका गडद झाला असेल तर लस उष्णतेने खराब झालेली, ती कुपी बाद. पोराच्या डाव्या करंगळीला शाई. सोमवारपासून घरोघर, आणि दारावर खडूने खूण. डॉक्टर असो की किराणा दुकानदार, सगळ्यांच्या बोटांना शाई लागलेली असायची. जांभळी बोटं घेऊन आम्ही सोमवारी मीटिंगला बसायचो.

देशातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ ला पश्चिम बंगालमधल्या हावडा जिल्ह्यात सापडला. २७ मार्च २०१४ ला जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह आपला सगळा आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर केला. त्या दिवशी आमच्या क्लबात पेढे वाटताना दोन म्हातारे रडले होते, त्यातला एक मी. पण मोहिमा कमी झाल्या आणि रविवार रिकामा झाला. त्या रिकाम्या रविवारी काय करायचं याचं उत्तर आम्हाला सापडलं नाही. तुमच्या वहीत ते मला दिसतंय.

रक्तपेढीवाली

मी एका रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे. साहित्य केंद्राबद्दल तुम्ही लिहिलंत, मी रक्तदान शिबिरांबद्दल लिहिते, कारण कुठल्याही क्लबच्या वार्षिक अहवालात ते असतंच.

क्लबांचं आमच्यावर खूप ऋण आहे हे आधी सांगते. पण एक कळकळीची विनंती आहे. सगळी शिबिरं ऑगस्टात, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आणि जानेवारीत येतात. एका दिवसात तीन क्लबांची तीन शिबिरं, मग महिनाभर शुकशुकाट. तांबड्या पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स फक्त पाच दिवस, त्याही सतत हलवत ठेवाव्या लागतात. एका रविवारी दीडशे पिशव्या आल्या की शुक्रवारपर्यंत न लागलेल्या प्लेटलेट्स टाकून द्याव्या लागतात. आणि मे महिन्यात कॉलेजं बंद, दाते गावी, तेव्हा थॅलेसेमियाच्या पोरांचे आईबाप आमच्या खिडकीशी उभे असतात. त्यांना दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागतं. त्यांना मे आणि जानेवारी सारखाच.

तुम्ही कोकणातले आहात म्हणून सुचवते. तुमच्याकडे मे महिन्यात चाकरमानी गावाला येतात. मुंबईच्या रक्तपेढ्या कोरड्या पडतात तेव्हा दाते तुमच्या वाडीत आंबे उतरवत असतात. शिबिर मेमध्ये घ्या, आणि शंभरच्या एका शिबिराऐवजी पंचवीसची चार घ्या.

नव्या सभासदाला देण्यासारखं कामही यात आहे. दात्यांची यादी सांभाळायची. पुरुषांनी तीन महिन्यांनी, बायकांनी चार महिन्यांनी पुन्हा रक्त द्यायला हरकत नसते. त्या तारखेला फक्त एक फोन करायचा. वजन ४५ किलोच्या वर आणि हिमोग्लोबिन साडेबारा हवं. ज्या बाईला हिमोग्लोबिन कमी म्हणून परत पाठवलं तिला सगळे विसरतात. तिलाही महिन्याने फोन करावा, औषध घेतेस का विचारावं. आमच्याकडे एका क्लबातली एक ताई हे करते. तिने परत आणलेल्या बायकांपैकी कितीतरी आता नियमित दाता आहेत.

सुगरणपक्षी

खूप छान धागा. केंद्र सुरू करायचं तर अनामत किती ठेवावी? आणि लोक वस्तू परत आणतात का? आमच्याकडे (दापोली) महिला मंडळ विचार करतंय.

वाशिष्ठीकाठ

सगळ्यांचे आभार. @जुनाजाणता, बोर्डात तुमचा प्रतिसाद वाचून दाखवणार आहे, परवानगी गृहीत धरतो. @रक्तपेढीवाली, मेचं शिबिर पक्कं. चाकरमान्यांचं आमच्या लक्षातच आलं नव्हतं.

@सुगरणपक्षी, सविस्तर सांगतो, कारण आम्ही बरंच ठेचकाळत शिकलोय.

अनामत वस्तूच्या किमतीचा साधारण चौथा भाग ठेवतो, पण ज्याला ती जड जाईल त्याच्याकडून नुसती सही आणि एका ओळखीच्या माणसाचा फोन नंबर. हा निर्णय पाळीवर असेल त्याने घ्यायचा, वर कुणाला विचारायचं नाही. वस्तू परत येतात. इतक्या वर्षांत न आलेल्या वस्तू एका हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या, आणि त्यातही एक व्हीलचेअर दुसऱ्या गरजू माणसाकडे पोचली होती, एवढंच. उशीर मात्र होतो. घरात माणूस गेल्यावर तेराव्यापर्यंत फोन करायचा नाही, हा आमचा नियम आहे.

वॉकर, काठ्या, कमोड खुर्ची यांना दुरुस्ती फारशी नाही. रबरी बूट झिजतात, ते डझनाने आणून ठेवा. झिजलेल्या बुटाचा वॉकर फरशीवर घसरतो आणि बरं होत आलेलं माणूस पुन्हा मोडून पडतं. हवेच्या गादीची मोटर जपा. गादीत हवेच्या कप्प्यांचे दोन संच असतात, एक फुगतो तेव्हा दुसरा बसतो, दर काही मिनिटांनी आलटून पालटून. त्यामुळे अंगाच्या एकाच जागी दाब राहत नाही. पण देताना घरच्यांना समजावून सांगावंच लागतं की गादी आहे म्हणून कूस बदलायचं थांबवू नका, दर दोन तासांनी बदला. चादर ताणून खोचू नका, सैल टाका. मोटरवरचा खटका माणसाच्या वजनाप्रमाणे लावा. हे सगळं आम्ही आता मोठ्या अक्षरांत छापून गादीबरोबर देतो.

सर्वांत जास्त फसलो ते ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरमध्ये. कोविडनंतर आमच्याकडे देणगीत बरेच आले. सगळ्यांनी हौसेने झाकून, कपाटात ठेवले. त्यात झिओलाइट नावाचे खडे असतात, ते हवेतला नायट्रोजन धरून ठेवतात आणि ऑक्सिजन पुढे सोडतात. ते खडे दमट हवेत बंद पडून राहिले की निकामी होतात. आपल्या कोकणातला पावसाळा म्हणजे त्यांचा काळच. दीड वर्षाने एकाला हवं म्हणून काढलं तर यंत्र चालू होतं, हवा येते, पण मीटर लावल्यावर कळलं की ऑक्सिजन पुरेसा नाही. वेळेत कळलं म्हणून बरं. आता आमचा वायरमन दर महिन्याला प्रत्येक यंत्र काही तास चालवतो आणि मीटरने तपासून वहीत आकडा लिहितो.

आणि जागा. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं तेव्हा आमचं केंद्र बाजारपेठेतल्या तळमजल्याच्या गाळ्यात होतं. २००५ चा पूर बघितलेली माणसं होतो आम्ही, तेव्हाच्या पाण्याची खूण भिंतीवर होती. कॉटा खाली राहिल्या तरी गाद्या आणि यंत्रं त्या खुणेच्या वर माळ्यावर ठेवलेली. पाणी खुणेच्या वर गेलं. तीन दिवसांनी शटर उघडलं तेव्हा गुडघाभर चिखलात व्हीलचेअरचं एक चाक तेवढं दिसत होतं. त्याच आठवड्यात आमच्या वाचन मंदिराची, १८६४ साली सुरू झालेल्या ग्रंथालयाची, पुस्तकं चिखलातून निघत होती. तिकडे पुस्तकं, इकडे गाद्या. जुनी वहीही गेली. आता केंद्र उंचावर आहे, आणि वहीच्या प्रत्येक पानाचा फोटो त्याच रात्री ग्रुपवर टाकतो.

कोकमसरबत

एका गोष्टीबद्दल बोलायचं होतं. तुमच्याकडे यंदा आलेल्या सहा नव्या सभासदांत बायका किती?

विचारण्याचं कारण आहे. लायन्सने बायकांना सभासदत्व दिलं १९८७ ला, रोटरीने १९८९ ला, तेही त्याच सुमारास अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागल्यावर. इनरव्हील १९२४ साली मँचेस्टरला सुरू झालं ते रोटेरियनांच्या बायकांनी. म्हणजे दार उघडायच्या आधी साठ-पासष्ट वर्षं बायका बाहेर उभं राहून काम करतच होत्या.

मी ज्या क्लबात होते तिथे आम्हा बायकांकडे रांगोळी, औक्षण, स्वागतगीत आणि पाहुण्यांच्या पत्नीची ऊठबस. मी बँकेत ३१ वर्षं काढली, शाखा सांभाळली. पण खजिनदारपदाचा विषय निघाला की सगळे जण दुसरीकडे बघायचे. चार वर्षं वाट बघितली. मग सोडलं. मला कुणाचा अपमान करायचा नाही, ती माणसं वाईट नव्हती. त्यांना सुचलंच नाही. आणि तेच मला जास्त लागलं.

वाशिष्ठीकाठ

@कोकमसरबत, सहापैकी चार. त्यातल्या दोघी शिक्षिका, एकीचं शिवणाचं दुकान, एक फिजिओथेरपिस्ट. आणि तुमचा प्रतिसाद वाचून मी आमच्या आजवरच्या खजिनदारांची नावं मनात मोजली. एकही बाई नाही. हे मी नव्या अध्यक्षांना आजच सांगतो.

उन्हाळवाडी

मी वेगळ्या बाजूने लिहितो. मी लहानपणी अशा कार्यक्रमात वह्या घेतलेला मुलगा आहे.

सहावीत होतो. शाळेत पाहुणे आले, रांगेत उभं केलं. सहा वह्या आणि कंपासपेटी. माझी पाळी आली तेव्हा फोटोवाल्याचा रोल संपला, म्हणून मला वह्या परत द्यायला सांगितल्या, रोल बदलला, आणि पुन्हा घ्यायला लावल्या. तो फोटो पुढे शाळेच्या फळ्यावर वर्षभर होता. वह्या चांगल्या होत्या, दोनशे पानी. मी त्या वापरल्या आणि शिकलो, त्याबद्दल मनात कृतज्ञता आहे. पण त्या फळ्यासमोरून मी वर्षभर मान खाली घालून गेलो.

आज मी कमावतो, कुठल्याही क्लबने हाक मारली तर पैसे देतो. अट एकच असते, घेणाऱ्याचा फोटो काढायचा नाही. तुमच्याकडे काय पद्धत आहे?

वाशिष्ठीकाठ

@उन्हाळवाडी, तुमचं वाचून दोन तास काही लिहवलं नाही.

साहित्य केंद्रात फोटो पहिल्यापासून नाही, कारण तिथे येणारं माणूस घाईत आणि काळजीत असतं. पण शाळेच्या कार्यक्रमात आम्ही काढत आलोय. वर प्रांतपालांकडे (आमच्या भागातल्या सगळ्या क्लबांचे प्रमुख) अहवाल पाठवायचा तर फोटो लागतो, हे कारण सांगत आलोय. वह्यांच्या गठ्ठ्याचा फोटो पाठवला तर अहवाल कुणी परत पाठवणार नाही. या जूनचे सगळे फोटो मी आज क्लबच्या पानावरून काढायला सांगितले.

जमाखर्च

धर्मादाय संस्थांचे हिशेब बघतो, म्हणून थोडं रुक्ष पण गरजेचं.

सभासदांची वर्गणी आणि लोकांकडून आलेली देणगी यांची खाती वेगळी ठेवा. जेवण, पदग्रहण, शाली, वर पाठवायची रक्कम हे सगळं वर्गणीतून. देणगीतला रुपया फक्त कामावर. बरेच क्लब यासाठी वेगळा न्यास नोंदवतात, ते योग्य आहे. वर्गणीला आयकरात सवलत मिळत नाही, देणगीला मिळते, तीही न्यासाला ती मान्यता असेल तर, आणि देणारा जुन्या करप्रणालीत असेल तर. रोख दोन हजारांच्या वरच्या देणगीवर सवलत नाही, तेव्हा चेक किंवा ऑनलाइनच घ्या.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं ते बदल अर्जाकडे. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात तो द्यावा लागतो. तुमच्याकडे दर जुलैत पदाधिकारी बदलतात. तेच जर न्यासाचे विश्वस्त असतील तर दर वर्षी हे काम आलं. मी अशा संस्था बघितल्यात जिथे कागदोपत्री अजून पंधरा वर्षांपूर्वीची मंडळी विश्वस्त आहेत, त्यातली निम्मी हयात नाहीत. मग बँकेत सही कोण करणार इथपासून अडतं, आणि चालू असलेलं चांगलं काम थांबतं.

केंद्राची अनामत ही देणगी नाही, लोकांचं देणं आहे. तिचं खातं तिसरं. त्या मुलाने परत घेतली नाही तिथे तशी चिठ्ठी लिहून घ्या आणि पावती फाडा.

वाशिष्ठीकाठ

पावती फाडली नव्हती. उद्या त्याच्या घरी नेऊन देतो.

पांढराकोट

नेत्रदानाचा विषय कुणी काढला नाही म्हणून लिहितो. नव्या सभासदाला द्यायचं काम यापेक्षा मोठं मला माहीत नाही.

अर्ज भरून घेण्याचे कार्यक्रम खूप होतात. पण अर्ज भरलेला नसला तरी चालतं, घरच्यांची संमती लागते. आणि अर्ज भरलेला असूनही त्या घडीला कुणी फोन केला नाही तर काही होत नाही. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत नेत्रपटल (कॉर्निया) काढावं लागतं. त्या सहा तासांत घर रडत असतं. अशा वेळी कुणीतरी बाहेरच्याने जाऊन, थोरल्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवून, एकदाच, हळू विचारायचं असतं. नाही म्हणाले तर पुन्हा विचारायचं नाही. हो म्हणाले तर पंखा बंद करायचा, पापण्या मिटवायच्या, वर ओल्या कापसाची घडी ठेवायची, डोक्याखाली उशी देऊन डोकं थोडं उंच करायचं आणि नेत्रपेढीला फोन. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असो, चष्मा असो, मधुमेह असो, बहुतेक वेळा अडचण येत नाही. काविळीचे काही प्रकार, एचआयव्ही, रेबीज अशा आजारांत घेत नाहीत. काम पंधरा-वीस मिनिटांचं, चेहरा विद्रूप होत नाही.

माझ्या ओळखीतल्या एका क्लबात दोन माणसं गेली कित्येक वर्षं फक्त हेच करतात. भाषण करत नाहीत, पद घेत नाहीत. रात्री अडीचला फोन आला तरी स्कूटर काढतात.

खाडीपल्याड

मी मूळ गुहागर तालुक्यातला, नोकरीला कुवेतला. धागा चार दिवस वाचतोय. माझे वडील ८२ वर्षांचे, गावी आहेत, मागच्या महिन्यात पडले, खुब्याचं ऑपरेशन झालं. आई एकटीच करते. काल व्हिडिओ कॉलवर आईने दाखवलं, कंबरेखाली लाल झालंय. साधा पलंग आहे, कापसाची गादी. इथून मी काय करू कळत नाही. तुमच्याकडून गुहागरला साहित्य मिळतं का? पैसे लगेच पाठवतो.

आणि दुसरं, इथले आम्ही दहा-बाराजण केंद्राला मदत पाठवू शकतो का? परदेशी देणगीचा कायदा आडवा येतो असं ऐकलंय.

जमाखर्च

@खाडीपल्याड, पासपोर्ट भारतीय असेल आणि स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवत असाल तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. पासपोर्टची प्रत संस्थेकडे देऊन ठेवा. मित्रांपैकी कुणी परदेशी नागरिकत्व घेतलं असेल, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) असलं तरी, त्याची देणगी परदेशी ठरते. ती घेऊ नका.

वाशिष्ठीकाठ

@खाडीपल्याड, निरोपातून गावाचा पत्ता आणि आईंचा फोन पाठवा. पैशाचं आत्ता बघू नका. लाल झालंय म्हणजे अजून जखम नाही, हीच वेळ आहे.

वाशिष्ठीकाठ

काल सकाळी टेम्पोने कॉट आणि हवेची गादी पोचवली. आमचा वायरमन आणि नव्या फिजिओथेरपिस्ट सभासद दोघं गेले होते. माजघराचं दार अरुंद, कॉट खोलून आत नेऊन पुन्हा जोडली. पलंगाच्या जवळ खटका नव्हता, ओटीवरून वायर ओढून घेतली. ताईंनी आईंना कूस कशी बदलायची ते तीनदा करून दाखवलं, मग त्यांच्याकडून करवून घेतलं. मागे उशी, गुडघ्यांच्या मध्ये उशी. शेजारच्या वहिनींनाही शिकवलंय, रात्रीच्या एका वेळेला त्या येणार आहेत. निघताना बाबांनी दोघांना फणस घ्यायला लावला.

बोर्डाची मीटिंग परवा झाली. ठराव थोडा बदलून मंजूर झाला. तीन महिन्यांची अट राहिली नाही, पण पिन लावायच्या आधी वहीत किमान चार सह्या हव्यात. ज्येष्ठांनी स्वतःच एक भर घातली, की हा नियम जुन्यांनाही लागू करा. पहिल्या रविवारी आमचे माजी अध्यक्ष वय ७१, सकाळी नऊला येऊन वॉकरचे रबरी बूट बदलत बसले होते. सोडून गेलेल्या सहाजणांना मी घरी जाऊन भेटतोय. दोघांकडे झालं. एकाने विचारलं, "पाळी किती वाजता असते?"

खाडीपल्याड

आईचा आत्ता फोन आला. लाली उतरतेय. बाबा काल रात्री सलग पाच तास झोपले, मोटरच्या आवाजाची सवय झाली म्हणतात. गणपतीला बारा दिवस येतोय. त्यातला एक रविवार केंद्रात बसलो तर चालेल का?

वाशिष्ठीकाठ

चालेल. नऊला या. कॉट क्रमांक २, गादी क्रमांक ७. नेणाऱ्याच्या सहीचा रकाना मोकळा ठेवलाय, आईंनी "मुलगा आल्यावर करेल" असं सांगितलंय.